दादरच्या गच्चीवरून एफटी८ आणि व्हिस्पर: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

एफटी८ आणि व्हिस्पर म्हणजे हौशी (हॅम) रेडिओवर संगणकाच्या मदतीने छोटे संदेश पाठवण्याच्या दोन डिजिटल पद्धती. जागा: दादर पश्चिम, सात मजली इमारत. रेडिओ सातव्या मजल्यावरच्या खोलीत, ॲन्टेना गच्चीवर. मधली कोॲक्स (रेडिओ आणि ॲन्टेना जोडणारी केबल) सुमारे १५ मीटर, आरजी-२१३. आरजी-५८ चालली असती, पण २८ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत साधारण पाऊण डीबी (डेसिबल) जास्त जातो. जाड केबल हाताशी होती, म्हणून तीच टाकली.

रेडिओ १०० वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ), साउंडकार्ड आतच असलेला. ऑडिओ, फ्रीक्वेन्सी आणि पीटीटी (प्रक्षेपण सुरू-बंद करणारा आदेश) हे सगळं एकाच यूएसबी केबलवर. लॅपटॉप जुना, त्यावर डब्ल्यूएसजेटी-एक्स, म्हणजे हे संदेश बनवणारं आणि उलगडणारं सॉफ्टवेअर.

सेटिंग्जमध्ये सर्वात आधी ग्रिड लोकेटर, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या आपल्या चौकटीचा संकेत. मुंबईत इथे हमखास चूक होते. १९ अंश अक्षांशाची रेषा परळ-वरळीच्या आसपास शहर आडवं कापते. तिच्या उत्तरेला एमके६९, दक्षिणेला एमके६८. दादर, वांद्रे, मुलुंड, बोरिवली एमके६९ मध्ये, तर गिरगाव, फोर्ट, कुलाबा एमके६८ मध्ये. आमचा सहा अक्षरी लोकेटर एमके६९केए. ‘मुंबई म्हणजे एमके६८’ असं कुठूनतरी उचलून भरू नये. समोरचा तोच लॉगमध्ये लिहितो आणि ग्रिड गोळा करणाऱ्याच्या खात्यात चुकीची नोंद पडते.

सॉफ्टवेअरबद्दल एवढं पुरे: मूळ डब्ल्यूएसजेटी २००१ सालचं, जो टेलर यांचं. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे तेच. एफटी८ हे २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि टेलर या दोघांनी आणलं, नावातली एफ आणि टी ही त्यांचीच. आठ टोन, दोन टोनमध्ये ६.२५ हर्ट्झचं अंतर, पूर्ण सिग्नल ५० हर्ट्झमध्ये मावतो. संदेश ७७ बिटांचा, वर १४ बिटांची तपासणी, वर ८३ बिटांची चूक-दुरुस्ती, मिळून १७४. एका टोनमध्ये तीन बिट जातात, म्हणजे ५८ टोन. त्यांत वेळ जुळवण्याचे २१ मिळवले की ७९. प्रत्येक टोन ०.१६ सेकंद, म्हणून प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. वेळेचे १५-१५ सेकंदांचे खण पाडलेले असतात, एकात आपण पाठवतो, पुढच्यात समोरचा. खणात उरलेली दोन-अडीच सेकंदं डीकोड करायला आणि ऑपरेटरला बटण दाबायला.

‘−२१ डीबीपर्यंत ऐकतो, म्हणजे नॉइजच्या खाली गाडलेला सिग्नल काढतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. हा आकडा २५०० हर्ट्झ रुंदीतल्या नॉइजशी तुलना करून काढलेला असतो. एका टोनच्या ६.२५ हर्ट्झच्या खिडकीतून पाहिलं तर नॉइज २६ डीबीने कमी भरतो आणि तोच सिग्नल ५ डीबी वर दिसतो. यात जादू नाही. चिंचोळी खिडकी, संथ गती आणि भक्कम चूक-दुरुस्ती, एवढंच. त्यामुळे सॉफ्टवेअरपुढे कसला नॉइज ठेवला जातो त्यावर बहुतेक सगळं ठरतं. पुढच्या बऱ्याच नोंदी त्यातच गेल्या आहेत.

७ जानेवारी

तात्पुरती ५ मीटर वायर खिडकीतून बाहेर. १४.०७४ मेगाहर्ट्झ, यूएसबी (इथे अपर साइडबँड, केबलवाली यूएसबी नव्हे) डेटा मोड. वॉटरफॉल (सिग्नल पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं सरकतं चित्र) सिग्नलांनी भरलेला, डीकोड शून्य.

कारण घड्याळ. लॅपटॉप ३.१ सेकंद मागे होता. एफटी८ साधारण अडीच सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे हात वर करतं. लक्षण ओळखायला सोपं: पट्ट्या स्वच्छ दिसतात, पण १५ सेकंदांच्या आडव्या रेषेशी त्यांची सुरुवात जुळत नाही. विंडोजची स्वतःची वेळ-जुळणी बऱ्याच काळाने एकदा होते आणि जुन्या मशीनचं घड्याळ तोवर भरकटतं. वेगळा एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा) प्रोग्राम टाकला, सर्व्हर म्हणून राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आणि एनआयसीचा दिला. पाच मिनिटांत डीटीच्या (वेळेतला फरक, सेकंदांत) रकान्यात बहुतेक आकडे ०.१ ते ०.३.

एकाच स्टेशनचा डीटी १.५ असेल तर घड्याळ त्याचं चुकलेलं. सगळ्यांचाच १.५ असेल तर आपलं.

ऑडिओची पातळी: साउंडकार्ड ४८००० हर्ट्झ, १६ बिट. विंडोजच्या ‘एन्हान्समेंट’ सगळ्या बंद. बँड शांत असताना डावीकडचा हिरवा स्तंभ ३० डीबीच्या आसपास ठेवावा. बँड भरला की तो ५०-६० पर्यंत जातो, ते चालतं. लाल झाला की ऑडिओ कापला जातो आणि खोट्या पट्ट्या उगवतात. रेडिओचं नॉइज ब्लँकर आणि नॉइज रिडक्शन बंद, फिल्टर ३ किलोहर्ट्झ. कानाला गोड लागणारं नॉइज रिडक्शन डीकोडरला नको असतं. ते टोनचे तुकडे पाडतं.

११ जानेवारी

ॲन्टेना: एका टोकाला फीड (केबलची जोडणी) असलेली अर्धतरंग वायर, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झसाठी. एवढी गच्ची असेल तर दुसऱ्या कशाच्या मागे लागू नये.

ट्रान्सफॉर्मर एफटी२४०-४३ कोअरवर (फेराइटची रिंग, शेवटचा ४३ हा मिश्रणाचा क्रमांक). प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४. वेढ्यांचं प्रमाण ७, म्हणून रोधाचं ४९. प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरड, ३ किलोव्होल्ट सिरॅमिक कपॅसिटर. तो नसेल तर २१ आणि २८ ला एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) चढतो.

लॅमिंग्टन रोडला बिनछाप फेराइट रिंग स्वस्तात मिळतात. एक आणून पाहिली. १० वेढे घालून नॅनोव्हीएनएवर (हातात मावणारं ॲन्टेना तपासायचं यंत्र) १०० किलोहर्ट्झला मोजलं तर ४३ मिश्रणाची, याच आकाराची रिंग सुमारे १०७ मायक्रोहेन्री दाखवते. बिनछाप रिंगने त्याच्या अडीच पट दाखवलं. पॉवर सप्लायसाठीचं मिश्रण असावं, एचएफला तापणार. ती बाजूला ठेवली आणि छाप असलेली मागवली.

खोक्यात घालण्याआधीची परीक्षा: सेकंडरीवर २.४ किलो-ओहमचा कार्बन रेझिस्टर लावून एसडब्ल्यूआर बघायचा. ७ ते २९ मेगाहर्ट्झ सगळीकडे १.५ च्या आत आला तर वेढे बरोबर. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नये, तो स्वतःच कॉइल असतो.

वायर लोहार चाळीतली दीड चौरस मिलिमीटरची पीव्हीसी, २०.६ मीटर. फीडची बाजू पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, स्लॅबपासून ६ मीटर. दुसरं टोक फायबरच्या काठीवर, ३.५ मीटर. काउंटरपॉइज (प्रवाहाच्या परतीची छोटी वायर) २ मीटर. पहिला खड्डा, म्हणजे एसडब्ल्यूआर सर्वात कमी असण्याची जागा, ६.९१ मेगाहर्ट्झला मिळाला. हिशेब सोपा: २०.६ गुणिले ६.९१ भागिले ७.१०, म्हणजे २०.०५. पंचावन्न सेंटिमीटर जादा. कापली नाही, टोकाकडून दुमडून वायरवरच गुंडाळली. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे उंची बदलली की खड्डा हलतो आणि कापलेली वायर परत जोडावी लागते.

टोकं हाताला लागतील अशी ठेवायची नाहीत. ३० वॅटला टोकाशी साधारण २७० व्होल्ट आरएमएस. गच्चीवर वाळवणं घालणारे आणि पोरंटोरं दोन्ही येतात.

१५ जानेवारी

संक्रांतीचा मांजा. वायरवर तीन ठिकाणी अडकला, ओढाताणीत काठी कलली आणि वायर लोखंडी कठड्यावर टेकली. खड्डा ६.८ च्या खाली सरकलेला दिसला म्हणून वर जाऊन पाहिलं. एका जागी पीव्हीसी चिरली आहे, तिथे टेप आणि वर हीट-श्रिंक. पुढच्या वर्षी १३ ते १६ तारखेला वायर खाली उतरवून ठेवायची.

१८ जानेवारी

नॉइज. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

आधी अपेक्षा काय ठेवायची ते. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) पी.३७२ शिफारशीत मानवनिर्मित नॉइजची सूत्रं आहेत. शहरासाठी ७६.८ वजा २७.७ गुणिले लॉग एफ, एफ मेगाहर्ट्झमध्ये. ७.०७४ ला ते ५३ डीबी येतं. अगदी शांत ग्रामीण जागेचं त्याच फ्रीक्वेन्सीला २९. फरक २४ डीबी, म्हणजे पॉवरच्या भाषेत अडीचशे पट. गावाकडच्या शांत माळावर ४० मिलिवॅटचा सिग्नल जितका स्वच्छ ऐकू येईल, तितका स्वच्छ इथे ऐकू यायला समोरच्याने १० वॅट पाठवायला हवेत. रेडिओचा स्वतःचा नॉइज यापुढे कुठेच नाही. ७ मेगाहर्ट्झला प्रीॲम्प लावणं म्हणजे खरखर मोठी करून ऐकणं. तो बंदच.

हेच सूत्र २८.०७४ ला ३७ देतं, ७ पेक्षा १६ डीबी कमी. मुंबईत वरचे बँड ‘चालतात’ याचं निम्मं कारण आकाशात आहे, निम्मं या उतारात.

मुंबईवर विजेच्या नॉइजने केलेली ही पहिली कुरघोडी नव्हे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मापनं १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, नानाभॉय मूस संचालक असताना. त्यांना निदान खाडीपलीकडे जाता आलं.

मोजण्याची रीत: एजीसी (आवाज आपोआप एका पातळीला आणणारी सोय) बंद, प्रीॲम्प बंद, आरएफ गेन पूर्ण, ७.०७४ ऐवजी जवळची रिकामी जागा, आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सचा हिरवा आकडा वाचायचा. एजीसी चालू ठेवून केलेली तुलना निरुपयोगी, कारण एजीसीचं कामच फरक पुसणं. एस-मीटरवर (रेडिओचा सिग्नल-काटा) विसंबायचं नाही, खालच्या बाजूला तो अंदाजपंचे चालतो.

रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर. आकडा ६२. घराचा मेन एमसीबी खाली केला: ५५. सात डीबी आपल्याच घरातले! मग एकेक एमसीबी वर करत गेलो:

हॉलमधले एलईडी पॅनल, २ डीबी. एका पॅनलचा ड्रायव्हर बाकी सगळ्यांपेक्षा वाईट निघाला, तो बदलला. वायफाय राउटरचा अडॅप्टर, ३ डीबी. वॉटरफॉलवर दर ६०-७० किलोहर्ट्झला एक केसाळ, हळूहळू सरकणारा पट्टा दिसला तर तो स्विचिंग सप्लाय समजावा. राउटरला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा १२ व्होल्ट अडॅप्टर लावला आणि पट्टा गेला. सेट-टॉप बॉक्स बंद दिसत असला तरी चालूच असतो. त्याच्या अडॅप्टरच्या वायरीचे आठ वेढे फेराइटवर घेतले. क्लिप-ऑन फेराइट नुसतं एकदा अडकवून ७ मेगाहर्ट्झला काही होत नाही. वेढे हवेत, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो.

२५ जानेवारी

बाहेरचा नॉइज. मुंबईत बहुतेक वीज जमिनीखालच्या केबलने येते, त्यामुळे खांबावरच्या तडतडणाऱ्या इन्सुलेटरचा त्रास कमी. रेल्वे मात्र जवळच. पँटोग्राफच्या ठिणगीचा फटका सेकंदा-दोन सेकंदांचा असतो आणि एफटी८ ची चूक-दुरुस्ती तो बऱ्याचदा पचवते. एसएसबीवर (आवाजाने बोलण्याची पद्धत) बोलणाऱ्याला जास्त जाच.

खरा चोर लिफ्टच्या मशिनरूममध्ये होता. लिफ्ट हलली की ७ आणि १० मेगाहर्ट्झला पातळी ८ डीबी वर, थांबली की खाली. मोटरचा व्हीएफडी (वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह). त्याला आपण हात लावायचा नाही. सोसायटीला कळवून लिफ्टच्या देखभालवाल्याकडून मोटर केबलच्या शील्डचं अर्थिंग तपासून घेतलं. ते सुटलेलं होतं. जोडल्यावर ८ चे ३ झाले.

दुसरा, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा सप्लाय, गच्चीच्या दाराशी. यालाही सोसायटीच्या परवानगीनेच फेराइट.

चोक (केबलच्या बाहेरच्या आवरणावरचा प्रवाह अडवणारी फेराइटची गुंडाळी) आणखी महत्त्वाचा. कोॲक्सचं बाहेरचं आवरण सातव्या मजल्यावर येताना भिंतीतल्या सगळ्या वायरिंगच्या शेजारून जातं. ते आवरणच ॲन्टेना होऊन घराघरांतली खरखर वर नेतं. एफटी२४०-३१ कोअरवर आरजी-३१६ चे १२ वेढे, असे दोन चोक: एक ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यालगत, एक केबल घरात शिरते तिथे. एकाने २ डीबी गेले, दुसऱ्याने आणखी २. इथे ३१ मिश्रण मुद्दाम घेतलं. खालच्या एचएफला त्याचा रोध तोट्याचा असतो, आणि चोकला तेच हवं. खोक्यालगतचा चोक लावायचा तर काउंटरपॉइजची वेगळी वायर हवीच. नाहीतर ॲन्टेनाला परतीचा रस्ता उरत नाही आणि एसडब्ल्यूआर वेडावाकडा होतो.

महिन्याची बेरीज: ७ मेगाहर्ट्झला ६२ वरून ५०. बारा डीबी. एवढं ॲम्प्लिफायरने मिळवायला पॉवर सोळा पट लागली असती, आणि ॲम्प्लिफायर ऐकायला मदत करत नाही.

१ फेब्रुवारी

प्रक्षेपण. परवान्यावरची पॉवर आणि बँड पुन्हा वाचून घेतले.

विंडोजचे सगळे सूचना-आवाज आधी बंद. रेडिओचं साउंडकार्ड ‘डीफॉल्ट’ राहिलं तर मेल आल्याची टिंग हवेत जाते. कॉम्प्रेसर बंद. पॉवर स्लायडर तळाशी ठेवून ट्यून दाबायचं आणि एएलसीचा (पॉवर आपोआप आवरणारी सोय) काटा जेमतेम हलेपर्यंत वर न्यायचा, मग एक चिमूट खाली. एएलसी चढवून पाच वॅट जास्त मिळतात आणि शेजारच्या २०० हर्ट्झमधल्या सगळ्यांचे शिव्याशाप.

पॉवर ३० वॅट. १२.६४ सेकंद सलग पूर्ण कॅरियर, म्हणजे एसएसबीसाठी बनवलेल्या १०० वॅटच्या फायनलला (रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरांना) फेब्रुवारीतल्या मुंबईत हे पुरे झालं.

‘स्प्लिट ऑपरेशन’ सुरुवातीला ‘नन’ (बंद) होतं. ७०० हर्ट्झला पाठवताना दुसऱ्या घरातल्या आरटीएल-एसडीआरच्या (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) वॉटरफॉलवर १४०० आणि २१०० लाही आमच्याच पट्ट्या दिसल्या. हे ऑडिओचे हार्मोनिक, आणि दोन्ही रेडिओच्या फिल्टरच्या आतच येतात. ‘फेक इट’ निवडलं की सॉफ्टवेअर व्हीएफओ (रेडिओची मुख्य फ्रीक्वेन्सी) सरकवून ऑडिओ कायम १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतं, दुसरा हार्मोनिक ३००० च्या पुढे जातो आणि फिल्टर त्याला अडवतो. भुतं गायब.

२१ मेगाहर्ट्झला ट्यून दाबलं की यूएसबी तुटायचं. केबल १.८ मीटर, पुढे लॅपटॉपच्या चार्जरची वायर तेवढीच. मिळून साडेतीन मीटरच्या आसपास, आणि २१ ला पाव तरंग ३.५७ मीटर. अगदी मापात बसलेली ॲन्टेना टेबलावरच. अर्ध्या मीटरची यूएसबी केबल, दोन्ही टोकांना फेराइटवर पाच-पाच वेढे, प्रक्षेपणात चार्जर बाहेर. थांबलं.

यातला खरा धोका वेगळा. पीटीटी यूएसबीवरून दिलेला आणि मध्येच केबल तुटली, तर ‘थांब’ हा निरोप पोचत नाही आणि रेडिओ पाठवतच राहतो. सॉफ्टवेअरचा टीएक्स (प्रक्षेपण) वॉचडॉग इथे कामाचा नाही. रेडिओच्या मेनूतला टाइम-आउट टायमर ३ मिनिटांवर लावला.

८ फेब्रुवारी

जिन्यातले सेन्सरचे दिवे एक आड एक खणाला लागतात अशी वॉचमनची तक्रार. बरोबर होती. ७ मेगाहर्ट्झ, ३० वॅट, वरचे तीन मजले. २१ आणि २८ ला काहीच नाही. पीआयआर (माणसाची हालचाल ओळखणाऱ्या) सेन्सरची आतली सर्किट फार नाजूक सिग्नल मोठा करतात, आणि डक्टमधली वायर त्यांना आरएफ आणून देते. वायरचं दूरचं टोक जिन्याच्या केबिनपासून दोन मीटरवर होतं. काठी पाच मीटर पलीकडे नेली, ७ ला पॉवर १५ वॅट केली. दिवे शांत. ३ डीबी गेले, पण सोसायटीत दिव्यांवरून वाद घालण्यापेक्षा स्वस्त.

१५ फेब्रुवारी

चालवण्याबद्दल तुटक टिपणं.

‘होल्ड टीएक्स’ला (आपली पाठवण्याची फ्रीक्वेन्सी न हलवण्याची सोय) खूण ठेवायची आणि वॉटरफॉलवर मोकळी जागा बघून तिथेच बसायचं. समोरच्याच्या फ्रीक्वेन्सीवर जाऊन हाक मारली तर तिथे आणखी पाच जण असतात. आपली जागा मोकळी आहे का हे आपल्याच खणात दिसत नाही, कारण तेव्हा आपण पाठवत असतो. एक खण गप्प बसून बघावं.

आरआर७३ (‘सगळं मिळालं, नमस्कार’) पाठवलं, पण समोरचा आर-रिपोर्टच (‘तुमचा आकडा मिळाला, हा माझा’) परत पाठवतोय, तर त्याला ते पोचलेलं नाही. पुन्हा पाठवा. लॉगची खिडकी उगवली म्हणून निघून जाऊ नका.

डीकोडच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘ए’ अक्षर-आकडा दिसला तर सॉफ्टवेअरने काही बिट गृहीत धरून जुळवलंय. कॉल (स्टेशनचा परवान्यावरचा संकेत) विचित्र आणि ग्रिड भलत्याच समुद्रात असेल तर सोडून द्यायचं.

सकाळी २८ ला जपान, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया. दुपार कलली की युरोप. ७ ला रात्रीच जीव येतो.

२ मार्च

व्हिस्पर. खण २ मिनिटांचा, प्रक्षेपण ११०.६ सेकंद, रुंदी ६ हर्ट्झ, संदेश फक्त ५० बिटांचा: कॉल, चार अक्षरी ग्रिड, पॉवर. −३० च्या आसपासचेही डीकोड होतात. गप्पा होत नाहीत, पण दोन ॲन्टेना तोलायला याच्यासारखा काटा नाही. पॉवर ५ वॅट, म्हणून ३७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी) भरलं. डीबीएमचा आकडा ०, ३ किंवा ७ ने संपणाराच चालतो.

तुलना २८.१२४६ ला: तीच लांब वायर विरुद्ध टाकीच्या कोपऱ्यावर पाव तरंगाची उभी काठी, २.५४ मीटर, चार रेडियल (तळाशी पसरलेल्या वायरी). प्रत्येक प्रक्षेपणाला ॲन्टेना स्विचने आलटून पालटून. एकाच स्टेशनने दहा मिनिटांच्या आत दोन्ही ऐकलेल्या जोड्याच मोजल्या, बाकी टाकून दिल्या. फेडिंग सहज १० डीबीचं असतं. एका जोडीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे नाणेफेक. चाळीस जोड्यांचा मध्यक: उभी काठी दूरच्या स्टेशनांकडे ३ डीबी पुढे. ऐकताना उलटा प्रकार, काठीवर नॉइज ५ डीबी जास्त, कारण घरगुती खरखर उभ्या ध्रुवणात जास्त उचलली जाते. म्हणून पाठवायला काठी, ऐकायला वायर. रिले लावायचा आहे, अजून लावलेला नाही.

२१ मार्च

संध्याकाळी व्हिस्परचे डीकोड एकदम आटले, पट्ट्या मात्र ठसठशीत. नीट पाहिलं तर पट्टी कडेने फिसकटलेली, ब्रशने ओढल्यासारखी. घड्याळ ठीक, रेडिओचं भरकटणं नाही. विषुवदिनाच्या आसपास, सूर्यास्तानंतर तासा-दोन तासांत चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्यात एफ थर (वातावरणातला, रेडिओ लहरी परतवणारा वरचा थर) फुगे येऊन फाटतो, त्याला स्प्रेड-एफ म्हणतात. त्यातून आलेला सिग्नल काही हर्ट्झ पसरतो. व्हिस्परचे टोन १.४६ हर्ट्झच्या अंतरावर, ते एकमेकांत मिसळतात. एफटी८ चे ६.२५ वर, ते बऱ्यापैकी तगतात. म्हणजे ‘जास्त संवेदनशील’ मोड इथे मार खातो आणि ‘कमी’वाला चालतो. आकडा −३० चा असला तरी तो स्थिर मार्गासाठी आहे. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी मुंबईतून व्हिस्परने ॲन्टेना तोलायच्या नाहीत, सकाळी तोलायच्या.

२९ मार्च

लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर (दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवून संपर्क पक्का करणारी ऑनलाइन सेवा) चढवलेल्या नोंदींतल्या गच्चीवरच्या एका दिवसाच्या एकाही संपर्काची जोडी जुळली नाही. गच्चीवर वापरलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स आतलं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) धरतो, विंडोज स्थानिक वेळ. लिनक्समधून उठून इंटरनेटशिवाय विंडोजमध्ये गेलं की वेळ बरोबर साडेपाच तास मागे.

हवेत काहीच बिघडलं नव्हतं, म्हणून कळलं नाही. साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद. त्याला १५ ने पूर्ण भाग जातो, ३० ने जातो, १२० नेही जातो. खण जुळतात, सम-विषमही जुळतात, डीटी ०.२ दिसतो. फक्त लॉगमधली वेळ खोटी, आणि जुळणीची मुभा ३० मिनिटांची.

एडीआय फाइलची (संपर्कांच्या नोंदींची) प्रत काढून त्या दिवसाच्या नोंदींत साडेपाच तास मिळवले. सकाळी साडेपाच ते अकरामधल्या नोंदी आदल्या तारखेला गेल्या होत्या, त्यांची तारीखही बदलली. पुन्हा चढवल्या, जुळू लागल्या. लिनक्सला आतलं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगितलं, आणि गच्चीवर चढण्याआधी डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या खिडकीतली यूटीसी मनगटावरच्या घड्याळातून साडेपाच वजा करून ताडून बघायचं ठरलं.

मेअखेरच्या आत: खोक्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक, दमट हवा बाहेर पडायला. समुद्र एवढा जवळ असताना पूर्ण बंद खोक्यात पाणी साचतंच. कनेक्टरवर सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेप, वर साधी टेप. काठीच्या नायलॉन दोऱ्या बदलायच्या, उन्हाने कडक झाल्या आहेत. विजा सुरू झाल्या की कोॲक्स रेडिओतून काढून खिडकीबाहेर.